पाण्यातली रेघ

१७ ऑगस्ट २०२५, रविवार

लॅबचं उद्घाटन झालं एकदाचं. पिंपळीच्या रस्त्याला, माझ्या नवऱ्याच्या, अजितच्या, ठिबकच्या दुकानामागं दोन खोल्या, वर पाटी: डाळिंब रोगनिदान प्रयोगशाळा. पेढे संपले, माणसं पांगली, आणि एवढ्या भाषणांतलं मला एकच आठवतंय. कुंडलिक आबांचं.

आबा म्हणजे माझ्या आईचे चुलतभाऊ. निमगाव केतकीला त्यांची डाळिंबाची रोपवाटिका आहे. इंदापूर तालुक्यात नवी बाग लावायची तर गुटी कलम, म्हणजे झाडाच्या फांदीलाच मुळं फोडून केलेलं रोप, आबांकडचंच, असं लोक डोळे मिटून म्हणतात. माईक हातात घेऊन म्हणाले, "आमची वृषाली पुन्यात शिकली, धा वर्सं कंपनीत हुती, आन आता हितं पानं वाटून रोग हुडकनार हाय. आमी डोळ्यानं बघतो, ती मशिनीनं बघनार. बघू कुनाची नजर चांगली ते!" सगळे हसले. मीपण हसले, फोटोपुरतं.

नंतर आत येऊन मशीन बघितलं. मी समजावून सांगितलं. तेल्या रोगाचे काळे डाग फळावर दिसायच्या आधीच त्याचा जंतू झाडात लपून असतो. पानातून डीएनए काढायचा. दोन पदरांचा धागा असतो तो. तापवला की पदर सुटतात. जरा थंड केला की आपण टाकलेले बारके तुकडे, प्रायमर, आपली जागा शोधून चिकटतात. मग एंझाइम समोरचा पदर बघून त्याचा जोडीदार विणतं. परत तापवायचं, परत थंड. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. दोन तासांत कोट्यवधी नकला. प्रायमर तेल्याच्याच जंतूला बसणारे आहेत. तेल्या नसेल तर त्यांना बसायला जागाच नाही आणि नक्कलही नाही.

आबा म्हणाले, "मंग मी येगळं काय करतो? भामानं हिरीजवळ एक झाड लावलं हुतं. त्याच्या गुट्या बांधल्या, त्या गुट्यांच्या परत गुट्या. एका झाडाची सारी बाग हाय माझी. माझ्या मशिनीला वर्सं लागत्यात, येवढाच फरक."

भामामामी, आबांची बायको, जाऊन सात वर्षं झाली. मला त्यांचं बोलणं गोड वाटायला हवं होतं. पण चार माणसांत माझी टर उडवली ती काही जाईना मनातून.

१० सप्टेंबर, बुधवार

मोरगावकडच्या एका बागेची पानं तपासली. एका झाडात तेल्या निघाला, बाकीची स्वच्छ. मालकानं तेवढंच झाड काढलं आणि फोन करून आभार मानले. असं झालं की वाटतं, पुणं सोडलं ते बरं केलं.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई धोंडाबाई, दुपारी डबा घेऊन आल्या आणि मागच्या खोलीतनं थेट पुढच्या खोलीत निघाल्या. मी ओरडलेच. लॅबचा एक नियम आहे आणि तो मीच घातलाय. पुढच्या खोलीत पानं वाटायची, मिश्रण बनवायचं. मागच्या खोलीत मशीन आणि जेल, म्हणजे नकला झाल्या असतील तर ज्याच्यावर रेघ उमटते तो थर. पुढनं मागं जायचं, मागनं पुढं काही म्हणजे काही यायचं नाही. चप्पल नाही, कापडाचा बोळा नाही, पेन नाही. कारण मागच्या खोलीत नळ्या उघडल्या की तिथं त्या कोट्यवधी नकला सांडलेल्या असतात. त्यातली एक जरी पुढच्या खोलीतल्या नळीत पडली तरी मशीन तिच्या कोट्यवधी करणार. त्याला काय कळतंय, कुठनं आली ते!

आत्याबाईंना लगेच समजलं. म्हणाल्या, "म्हंजी म्होरली खोली सवळ्याची!" मी म्हटलं, अगदी बरोबर.

साक्षी हे ऐकून नळ्या मोजत राहिली. साक्षी माझी असिस्टंट. वडगाव निंबाळकरची, एम.एस्सी. झालेली. वडील बुद्धघोष सर हायस्कूलला विज्ञान शिकवायचे. पोरगी कामाला वाघ आहे, पण हसायचं नाव नाही. तिचं आणखी एक खूळ: प्रत्येक वेळी पानांच्या नळ्यांबरोबर एक नळी नुसत्या पाण्याची. ते मीच शिकवलंय, पण इतकं सोवळं मीसुद्धा पाळत नाही! पाण्यात काही नसतंच, म्हणून तर तपासायचं. पाण्याच्या जागी रेघ उमटली तर समजायचं, रेघ पानातली नाही, आपल्या हातातली आहे.

आमच्या घरात जातपात कुणी मानत नाही. साक्षी बौद्ध आहे. आत्याबाईंनी पहिल्या दिवशीच तिला आमच्याच कपात चहा दिला. हे मुद्दाम लिहून ठेवते.

१ ऑक्टोबर, बुधवार

उद्या दसरा. साक्षी आई-वडिलांबरोबर नागपूरला निघाली, दीक्षाभूमीला. परतीच्या वाटेवर मावशीकडं राहणार, म्हणजे आठवड्याची सुट्टी. दिली. मी कुठं नाही म्हणते?

जाताना दारात थांबली. म्हणाली, "मॅडम, उद्या पूजेला पुढच्या खोलीतले पिपेट नका मांडू."

पिपेट म्हणजे इवलासा थेंब मोजून उचलायचं हत्यार, आमच्या धंद्यातली पळी म्हणा. हत्यारांची पूजा खंडेनवमी-दसऱ्याला नाही करायची तर कधी करायची? तिला काय म्हणायचं होतं ते मला कळलं. पण सणाच्या तोंडावर वाद कशाला! मी अगदी गोडीत म्हटलं, "तुमच्यात नसतं गं हे, आमच्यात असतं." तिनं माझ्याकडं बघितलं. मग तिचा नेहमीचा पिपेट पिशवीत घालून ड्रॉवरमध्ये ठेवला आणि कुलूप लावून किल्ली घेऊन गेली.

कुलूप! जसं काही आम्ही तिचं हत्यार बाटवणार होतो. राग आला, पण गिळला. मी मोठी आहे तिच्याहून.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

काय सुंदर पूजा झाली! मशीन उचलण्यासारखं नाही, पण आत्याबाई म्हणाल्या, बाकी सगळं एका जागी पायजे, हत्यारांत दुजाभाव करू नये. पुढच्या खोलीतल्या टेबलावर लाल कापड घातलं. त्यावर पुढचे पिपेट, मागचे पिपेट, जेलचा ट्रे, जेलमध्ये खळगे पाडायचा कंगवा, सगळं ओळीनं. आत्याबाईंनी एकाच ओल्या फडक्यानं सगळं लख्ख पुसलं, एकेकाला हळद-कुंकवाचं बोट लावलं, झेंडू वाहिला, नारळ फोडला. अजित म्हणाला, आज ही लॅब आपली वाटली.

थोडं मागचं-पुढं झालं, कबूल. पण सणाच्या दिवशी किती बघायचं? आणि संध्याकाळी मी स्वतः सगळं स्पिरिटनं पुसून ज्याच्या त्याच्या जागी ठेवलं. कुंकवाची बोटं तेवढी राहू दिली. पुसायला हात धजेना.

६ ऑक्टोबर, सोमवार

सकाळीच आबा आले! स्वतः, पानांच्या पिशव्या घेऊन. माळशिरसकडची एक मोठी पार्टी त्यांच्या गुट्या घेणार आहे, पण मातृवृक्षांचा, म्हणजे ज्यांच्यावर गुट्या बांधल्यात त्या झाडांचा, तपासणी अहवाल मागतेय. "लागला का न्हाय तुझा नंबर!" आबा म्हणाले. "लौकर दे. गुट्या उतरवायच्या हायत."

साक्षी नाही, तर नाही. मी काय हात बांधून बसणारे? सकाळपासून एकटीनं केलं. जेलला करंट दिला, निळ्या दिव्याखाली धरलं, आणि बघतच राहिले. रेघ. रेघ. रेघ. एकूणएक नमुन्यात. सगळ्या बागेत तेल्या.

खरं लिहू? पहिल्यांदा आबांची काळजी वाटली नाही. पहिल्यांदा वाटलं, बघा आबा, कुणाची नजर चांगली!

पाण्याच्या खळग्यासमोरही एक फिकट रेघ आहे. शेजारच्या खळग्यातलं सांडलं असणार, भरताना हात हलला होता माझा. परत करावं का? आबांचे दुपारपासून तीन फोन येऊन गेले. आणि एखाददुसरं झाड असतं तर शंका घेतली असती, इथं सगळीच्या सगळी आलीत. एवढं सगळं चुकीचं कसं येईल?

७ ऑक्टोबर, मंगळवार

अहवाल दिला. फोटोत पाण्याचा खळगा कडेलाच होता, तो कापला. बघणाऱ्याला उगीच गोंधळ नको.

आबा लॅबच्या पायरीवर बसले. बराच वेळ कागद नुसता धरून होते. मग म्हणाले, "डाग न्हाय कुठं. एक पान वाकडं न्हाय. तरी हाय म्हनतीस?"

"आहे, आबा. मशीन खोटं बोलत नाही."

"व्हय," म्हणाले. "मशिनीला कशाला खोटं बोलायचं आसतंय?"

मला वाटलं होतं वाद घालतील, माझी टिंगल करतील. त्याची तयारी करून बसले होते मी. त्यांनी टोपी घातली आणि निघून गेले.

९ ऑक्टोबर, गुरुवार

आबांनी बाग तोडली. सगळी. अजित बघून आला. दोन दिवस जेसीबी चालला, गुट्यांसकट ढीग केले आणि पेटवले. माणसं म्हणत होती, आबा, औषध मारून बघू, फळं तरी हातची जाऊ देऊ नका, गुट्या तेवढ्या दुसऱ्या तालुक्यात खपवू. आबा म्हणाले, "माझ्या नावावं रोग दुसऱ्याच्या रानात जायला नगं."

एवढं एका शब्दावर! माझ्या शब्दावर. मला अभिमान वाटतोय आणि जेवण जात नाहीये.

फोन थांबत नाही. कुंडलिक आबांच्या बागेतला रोग मशीननं पकडला, ही बातमी भिगवणपर्यंत गेलीय. उद्यासाठी नमुन्यांच्या पिशव्या ठेवायला फ्रिजमध्ये जागा नाही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

साक्षी आली. आल्या आल्या आबांची बाग ऐकली तर तोंड पांढरं पडलं. जेलचा फोटो मागितला. कापलेला दाखवला, तर म्हणते, मूळ दाखवा. दाखवला.

"मॅडम, पाण्यात रेघ आहे."

"सांडलंय ते."

"सांडलं असेल तर परत केल्यावर नाही येणार. परत करायला हवं होतं."

मला म्हणते, करायला हवं होतं! माझ्याच लॅबमध्ये, मीच शिकवलेलं! मी म्हटलं, झाडं जळाली आता, काय परत करतेस? तर हळूच म्हणाली, "म्हणूनच करायचं, मॅडम."

मग विचारलं, "पूजेला काय काय मांडलं होतं?"

आता मात्र माझी सटकली. आठ दिवस गायब राहायचं आणि येऊन आमच्या देवाधर्मावर बोट ठेवायचं! मी म्हटलं, पूजेचं तू मला विचारू नकोस, तुला त्यातलं काय कळतंय? ती वळून कामाला लागली. दिवसभर नंतर कामापुरतंच बोलली.

११ ऑक्टोबर, शनिवार

साक्षीला काढून टाकलं.

झालं असं. आबांच्या पानांचा उरलेला चुरा फ्रिजमध्ये होता. ती म्हणाली, दोघींनी वेगवेगळं करू, तुम्ही तुमच्या पिपेटनं, मी माझ्या. केलं. माझ्या सगळ्या नळ्यांत रेघ, पाण्यातसुद्धा, आता चांगली ठळक. तिच्या नळ्यांत एकही रेघ नाही. तेल्या नक्की असलेला पक्का नमुना पडताळ्यासाठी ठेवतो त्यातली तेवढी आली, बाकी कोरं.

तेच पान, तेच मशीन, तोच दिवस. तिचं स्वच्छ आणि माझं घाण. याचा अर्थ काय? आंधळ्यालाही दिसेल. माझ्या सामानात काहीतरी कालवलंय. नागपूरला जायच्या आधी. म्हणून तर स्वतःचं तेवढं कुलपात ठेवून गेली!

मी तोंडावर बोलले. म्हटलं, तुला स्वतःची लॅब काढायची असेल, काढ, पण मला गाडून नको. ती रडली नाही. रडली असती तर कदाचित मी थांबले असते. ड्रॉवरची किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "मी घाण केली असं म्हणायचं असेल तर म्हणा, मॅडम. पण पाण्यातली रेघ आबांना सांगा."

चोराच्या उलट्या बोंबा! आत्याबाई म्हणाल्या, जाऊ दे बाई, सुंठीवाचून खोकला गेला. पण तिनं चहा घेतलेला कप त्यांनी धुऊन वेगळा ठेवला. मी बघितलं. तो कप पहिल्यापासूनच वेगळ्या फळीवर असतो की काय, हे मला आठवेना.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

लासुर्ण्याची बाग: सगळी तेल्याची. सणसरची: सगळी. पिंपळीतली तर नवी लावलेली बाग, तीही सगळी. अहवाल हातात आहेत आणि देववत नाहीत. मालकांना म्हटलं, मशीन दुरुस्तीला आहे. एकजण म्हणाला, "ताई, खरं सांगा, आमची बी आबांसारखी जाळायची का?" मी फोन ठेवला.

आज दुपारी वेड्यासारखं केलं. दारातल्या तुळशीचं पान घेतलं, वाटलं, नळीत घातलं. तुळशीला तेल्या निघाला.

अजितला सांगितलं. म्हणाला, "नवं सामान मागव आणि गप बस. आबांना आता खरं-खोटं सांगून झाडं उगवून येणार आहेत का?"

१९ ऑक्टोबर, रविवार

वाटलं होतं त्या ड्रॉवरमध्ये पुरावा सापडेल. किल्ली आठवडाभर तशीच पडली होती. आज उघडला. आत काही नाही. पिशवीत घातलेला तिचा पिपेट आणि पिपेटला लावायच्या टोकांची नवी सीलबंद डबी, एवढंच.

तो हातात घेतला आणि माझ्या पिपेटशेजारी ठेवला. माझ्या पिपेटवर कुंकवाचं बोट. त्याच्या पलीकडच्यावर बोट. मागच्या खोलीतल्यांवर बोट. त्याच बोटानं, त्याच फडक्यानं. तिच्या पिपेटवर नाही.

मी खुर्चीवर बसले.

मागच्या खोलीतल्या नकला. मोरगावच्या त्या एका झाडाच्या, पक्क्या नमुन्याच्या, दीड महिन्याच्या, सगळ्या मागच्या पिपेटवर. त्या ओल्या फडक्यानं आम्ही पुढच्यांना फासल्या. वर मी स्पिरिटनं पुसलं! स्पिरिटनं जंतू मरतो, डीएनए जात नाही. त्याला ब्लीच लागतं. हे मी पुण्यात नव्या पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवायचे.

खात्री करायला परत केलं, फक्त साक्षीच्या पिपेटनं, नव्या मिश्रणानं. तुळस कोरी. पाणी कोरं. आबांची बाग कोरी.

आबांच्या बागेत काही नव्हतं. कधीच नव्हतं. हात दाखवून अवलक्षण माझं, आणि भोगलं त्यांनी. दिवसभर मी ब्लीचनं टेबलं पुसतेय. नाक जळतंय, तरी पुसतेय.

एक मात्र म्हणते, साक्षीनं तेव्हा नीट सांगायला हवं होतं. फोड करून सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं का?

२१ ऑक्टोबर, मंगळवार, लक्ष्मीपूजन

आत्याबाई ताट घेऊन लॅबच्या दारात. निरांजन, कुंकू, सगळं. मी म्हटलं, आत नाही यायचं. त्यांना वाटलं चेष्टा करते. मग मी ओरडले. त्या रडल्या. अजित म्हणाला, सणाच्या दिवशी म्हातारीला रडवतेस! त्यांची काय चूक? त्यांना तर नियम समजलाही होता. नियम माझाच होता, आणि लाल कापडाचं दुसरं टोक धरायला मीच उभी होते.

लासुर्णे, सणसर, पिंपळी, तिघांची पानं साक्षीच्या पिपेटनं परत तपासली, कोरी निघाली, आणि तिघांनाही "बाग स्वच्छ" म्हणून कळवलं. ते खूश. आबांना फोन लावायला घेते आणि ठेवते. दिवाळी होऊ दे. दिवाळीत कुणाला असं सांगायचं?

२५ ऑक्टोबर, शनिवार

आबा आले. मी हातातलं फडकं खाली ठेवलं. कुणीतरी सांगितलं असणार, असं वाटलं. तर ते चोरासारखे आत आले, दार लोटलं, आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली डाळिंबाची पानं टेबलावर ठेवली.

"बाई, एक गुन्हा केलाय," म्हणाले. "हिरीजवळचं भामाचं झाड न्हाय तोडलं मी. जेसीबीवाल्याला म्हनलं, ऱ्हाऊ दे, सांजच्याला मी हातानं तोडतो. कुऱ्हाड घिऊन गेलो. न्हाय झालं. लोकास्नी शाणपन सांगायचं आन आपन रोग पाळायचा, हे काय बरं न्हाय. पर त्याची पानं त्या येळंला तुला दिली नव्हती. येकदा बघ. आसंल तर आजच तोडतो."

बसा म्हटलं. आत्याबाईंनी चहा दिला. आबा ओट्यावर बसून राहिले आणि मी आत पानं वाटत बसले. साक्षीचा पिपेट, नवी टोकं, पाण्याची नळी पहिली ठेवली.

जेल बघितलं. झाड कोरं. पाणी कोरं.

आता इथं मी खोटं लिहिणार नाही. जेल हातात असताना दुसरंही मनात आलं. "आहे, आबा" म्हटलं की झालं. ते झाड तोडतील, विषय मिटेल, माझं नाव राहील. मशीन खोटं बोलत नाही म्हणणारी मी, आणि ते दोन शब्द माझ्या जिभेवर अगदी तयार होते. मी पाणी प्यायले आणि बाहेर गेले.

"नाही, आबा. स्वच्छ आहे."

म्हातारा उठून उभाच राहिला. डोळे भरले. "खरं म्हनतीस? न्हाय? आगं मग परत करतो की मी बाग! येकाची दोन, दोनाची चार..." आणि मधेच थांबले. माणूस साधा आहे, पण खुळा नाही. हळूच खाली बसले.

"वृषाली, ते झाड मधोमध उभं हाय. चारी अंगानं रोगाची झाडं हुती. ती समदी त्याच्याच गुट्यांची. ह्याला न्हाय, तर त्यास्नी कुठनं झाला?"

मी त्यांचा रिकामा कप उचलला.

"हुता का त्यास्नी?"

"नव्हता, आबा."

पूजेचं सांगितलं. फडक्याचं, बोटाचं, पाण्यातल्या रेघेचं, फोटो कापल्याचं. साक्षीचंपण सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. मधूनच आत्याबाईंना दोष दिला, मधूनच घाईला, मधूनच साक्षीला, की तिनं नीट सांगितलं नाही. आबा ऐकत होते. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"ती पोरगी कुठं हाय?"

"पुण्याला लागलीय कुठंतरी."

"फोन लाव तिला. माझ्याम्होरं. स्पीकरवर."

लावला. उचलला. "बोला, मॅडम." आवाजात काहीच नव्हतं, ना राग ना ओळख. मी म्हटलं, साक्षी, तुझं बरोबर होतं, पूजेत झालं सगळं, माझं चुकलं. आणि मग, का कोण जाणे, आबांच्या देखत माझी बाजू थोडी तरी उरावी म्हणून असेल, मी म्हटलं, "पण त्या दिवशी तू स्पष्ट सांगायला हवं होतंस गं."

ती म्हणाली, "सांगितलं होतं, मॅडम. पुढचे पिपेट मांडू नका म्हटलं. तुम्ही म्हणालात, तुमच्यात नसतं, आमच्यात असतं."

आबांनी माझ्याकडं बघितलं. आत्याबाई दारात उभ्या होत्या, त्या आत निघून गेल्या. मला एवढंच कळलं की ती त्या दिवशी धर्माचं बोललीच नव्हती. ती माझ्याच नियमाचं बोलत होती, आणि मला ऐकू आली तिची जात.

आबा फोनकडं वाकले. "पोरी, मी निमगावचा कुंडलिक. तू रोप न्यायला आली हुतीस पावसाळ्यात, वळख हाय का?"

"आहे की, आबा. तुमच्या बागेचं ऐकलं मी. फार वाईट वाटलं."

"येक झाड ऱ्हायलंय बाई. मी त्याची पानं घिऊन सोमवारच्या यष्टीनं येतो पुन्याला. तू बघशील? तू म्हनशील तवा गुटी बांधीन."

"या, आबा. बघते."

"आबा," मी म्हटलं, "मी आत्ताच बघितलंय. स्वच्छ आहे झाड. पाणीपण ठेवलं होतं, पाणीसुद्धा कोरं आहे. या वेळी अगदी बरोबर आहे, देवाशपथ."

आबांनी उरलेली पानं फडक्यात परत गुंडाळली. फडकं वाळलं होतं, म्हणून अंगणातल्या नळाखाली ओलं करून घेतलं. मग टोपी घातली.

"आसंल बाई," म्हणाले, आणि गेले.